तीन दाती जनावर

घरी सुतारकाम करायचंय, उभं ड्रिल मशीन कोणतं घेऊ, असं मला अजूनही कुणी ना कुणी फोन करून विचारतं. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला विचारणं लोकांना रास्त वाटतं. मीही आवाज गंभीर करून उत्तर देतो. मोटर केवढी हवी, टेबल वरखाली होतं का, भोक पाडणारं बिट किती खोल उतरतं, पट्टा बदलून वेग कमी करता येतो का, बिट धरणारा चक फिरताना डगमगतो का. सगळं सांगून झालं की शेवटी माझ्या तोंडून हटकून निघून जातं, "आणि हो, मशीन मागून बघा." पलीकडचा विचारतो, मागून का? आता ह्याचं उत्तर द्यायचं तर सोपानआबांची सगळी हकिकत सांगावी लागेल, आणि तेवढा वेळ फोनवर कुणाला नसतो. म्हणून लिहूनच टाकतो.

माझी बायको मांडवगण फराट्याच्या शाळेत शिक्षिका होती, तेव्हा आम्ही सहा वर्षं त्या गावात भाड्याने राहिलो. आमच्या भिंतीला भिंत लागून सोपानआबांचं घर. घरात माणसं दोनच, आबा आणि हौसाकाकू. मुलं कामाधंद्याला बाहेरगावी. आबा पंच्याहत्तरीच्या आतबाहेरचे, अंगाने काटक, आणि खांद्यावर कायम एक पंचा. आंघोळीला जातानाही खांद्यावर एक पंचा आणि हातात दुसरा असे. खांद्यावरचा तो पंचा अंग पुसायचा नव्हताच. तो बैलबाजारातला होता.

आबा बैलांचे पारखी होते. साधेसुधे नव्हेत, घोडनदीपासून भीमेपर्यंत कुणालाही बैल घ्यायचा असला की आधी आबांना न्यायला माणूस यायचा. त्यांची एक रीत होती. बाजारात गेल्यावर पहिला पाव तास ते बैलाकडे बघायचेच नाहीत. बैलाकडे पाठ करून मालकाबरोबर चहा प्यायचे, त्याच्या सासुरवाडीची चौकशी करायचे. मालक अस्वस्थ झाला की मग उठायचे आणि बैलाच्या मागे जाऊन उभे राहायचे.

"पुढनं समदेच देखणे असत्यात, मास्तर," ते मला सांगत. "शिंगं रंगिवली, कपाळाला गोंडा बांधला, झालं. खोड मागनं कळती."

बैल संपले तरी ही रीत काही सुटली नव्हती. मी नवी मोटारसायकल आणली तेव्हा सगळ्या आळीने पुढून कौतुक केलं. आबा मागे जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "डाव्या अंगानं हलकी हाय." मी हसलो. सहा महिन्यांनी डाव्या बाजूचा शॉकअप गळायला लागला. माझ्या मेहुणीला बघायला मुलगा आला होता, तो चपला घालायला वाकला तेवढ्यात आबांनी त्याला मागून बघून घेतलं आणि मला बाजूला घेऊन निकाल दिला, "वझ्याला चांगला हाय, पर वळणावर अडंल." लग्न झालं. साडू माणूस खरंच भला आहे, पण एकदा घेतलेलं मत त्याला बदलायला सांगावं तर संबंध घर ओढायला लागलं तरी तो जागचा हलत नाही.

हळूहळू गावात ट्रॅक्टर आले आणि आबांना न्यायला माणूस येईनासा झाला. ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पोरं मोबाईलवर बघून घेत. एकदा आबा आपणहून एका ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहिले तर चालवणारा पोरगा म्हणाला, "आबा, सरका, रिव्हर्स घ्यायचाय." हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं, पण नंतर बराच वेळ पंच्याच्या दशा मोजत बसले होते. मला त्या दिवशी त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

शेवटची जोडी गेल्यावर गोठा रिकामा झाला आणि आबांनी तिथे सुतारकाम सुरू केलं. त्याला कुणी वर्कशॉप म्हटलेलं त्यांना खपत नसे. तो गोठाच. करवती दाव्याच्या खुंटीवर टांगलेल्या, खिळे गव्हाणीत, पटाशी आणि रंधा बैलांच्या आंबोणाच्या घमेल्यात. विजेच्या वायरीला ते वेसण म्हणत. पहिल्या वर्षी त्यांनी पाट केले आणि आळीत घरटी एक वाटला. सगळे पाट डुगडुगत. त्यावर बसून जेवायचं तर एक पाय जमिनीला रोवून बसावं लागे. लोकांनी एकेक करून, आबांचं मन न दुखवता, "जागा न्हाई हो घरात" म्हणत सात पाट परत आणून दिले. आबांनी ते गोठ्यात एकावर एक रचून ठेवले.

पण पाट हा नुसता हात बसवण्याचा उद्योग होता. खरं काम वेगळंच होतं, आणि ते पन्नास वर्षं थकलेलं होतं. हौसाकाकूंच्या माहेरी ओसरीवर झोपाळा होता. लग्न ठरताना आबांनी कबूल केलं होतं की पोरीला आमच्याकडेही झोपाळा करू. त्यानंतर दर वर्षी झोपाळ्याची वेळ आली की कुठल्या तरी बैलाचं काहीतरी निघायचं.

"राजाला झूल आली, सर्जाला घुंगरं आली, धाकट्या खोंडाला बाशिंगसुदिक आलं," काकू माझ्या बायकोला सांगत, "माझा झोपाळा काय आला न्हाई बाई."

आता काकूंचे गुडघे गेले होते. खाली बसता येत नव्हतं, म्हणून मुलाने एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली होती. काकू ओसरीवर त्या खुर्चीत बसायच्या, आणि आबांना ती खुर्ची डोळ्यासमोर नको असायची. त्यांनी ठरवलं, बैलगाडी मोडून झोपाळा करायचा. गाडीच्या साट्यातून, म्हणजे सांगाड्यातून, बाभळीच्या दोन जाड फळ्या निघाल्या. आबांनी पहिली घेतली, रंधली, आणि हातातल्या ड्रिलने तिला चार भोकं पाडली. बाभूळ म्हणजे दगडाची सख्खी बहीण. गाठ आली की बिट आपल्या मनाने वाट काढतं. चार भोकं चार दिशांना गेली. आबांनी ठोकून ठोकून कड्या बसवल्या आणि झोपाळा आढ्यातल्या दोन कड्यांना टांगला.

काकू पदर सावरून बसल्या. झोपाळा पुढच्या बाजूला कलला. काकू पडल्या नाहीत, त्या सावकाश घसरत गेल्या, आणि आम्ही सगळे बघत असताना अगदी अदबीने जमिनीवर येऊन बसल्या. त्यांना उठवायला आम्ही तिघं लागलो. उठल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "भोकं सरळ व्हत न्हाईत तवर मी ह्याच्यावर बसायची न्हाई." मग झोपाळा उतरवून घेतला आणि काकूंनी लाल खुर्ची बरोबर आढ्याच्या त्या दोन कड्यांखाली आणून मांडली. आबांना येताजाता दिसावी म्हणून.

फळी एकच उरली होती. ती बिघडली तर गाडी दुसरी नव्हती. मीच आगाऊपणे म्हणालो, "आबा, उभं ड्रिल मशीन घ्या. बिट सरळ खाली उतरतं, हात हलायचा प्रश्न नाही." आबांचे डोळे चमकले. ते मशीनमुळे नव्हे, हे मला नंतर कळलं. काहीतरी निवडायला जायचं होतं, त्यामुळे.

मी आलेखाच्या कागदावर अकरा मुद्द्यांची यादी केली आणि आबांना मोटारसायकलवर मागे बसवून दौंडला नेलं. माझं बालपण तिथल्या रेल्वे कॉलनीतलं, त्यामुळे बाजारपेठ ओळखीची. अवजारांच्या दुकानात शिरलो तर समोरच निळंशार, नवंकोरं उभं ड्रिल. मी यादी उघडली. आबांनी मशीनकडे पाठ केली आणि दुकानदाराला विचारलं, "शेट, सासुरवाडी कुठली म्हणायची?"

पाव तास गेला. शेठला वाटलं, ह्यांना काही घ्यायचं नाही, आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायला लागला की आबा त्याला दंडाला धरून परत बसवत. मग ते उठले आणि मशीन मागून बघायचं म्हणाले. ते भिंतीला टेकलेलं होतं. दोन माणसांनी ओढून वळवलं. मागे एक कोळिष्टक आणि किमतीची चिठ्ठी एवढंच होतं. आबांनी पाठीवरून हात फिरवला, मग पुढे येऊन चक उघडला आणि बैलाचं वय ओळखायला जबड्यात घालतात तसं आत बोट घातलं.

"दात किती?"

"काका, तीन," शेठ म्हणाला. चकमध्ये बिट धरायला तीन दाते असतात, त्यात काही चुकीचं नव्हतं.

आबांनी बोट बाहेर काढलं. "दुदाती बघितला, चौसा बघितला, सादाती बघितला, जुळल्याला बघितला. तीन दाती जनावर म्या उभ्या जल्मात बघितलं न्हाई. एक पडलाय का यायचाय?"

"काका, सगळ्यांना तीनच असतात."

"समद्यांचाच पडला?"

शेठने विषय बदलायला बटण दाबलं. टेबलावर लाल उजेडाची फुली उमटली. भोक कुठे पडणार ते ती फुली दाखवते, असं त्याने कौतुकाने सांगितलं. "कपाळाला गंध लावून बैल गुणी व्हत न्हाई," आबा म्हणाले. तरीही एकंदरीत मशीन त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. पंच्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे एक, पुरा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते जनावर बघून दोघांनाही कळतं. आबांनी शेठचा हात धरला आणि वर पंचा टाकला. शेठला वाटलं, म्हातारबुवांची नमस्काराची ही काहीतरी जुनी तऱ्हा आहे. त्याने आपुलकीने आबांचा पुरा पंजा हातात घेऊन घट्ट दाबला आणि हलवला.

"झाला सौदा!" आबा ओरडले. "पाचात दिला!"

मशीनची किंमत त्याच्या चौपट होती. पुढची वीस मिनिटं मला आठवायची इच्छा नाही. शेठ म्हणत होता, मी एक आकडा बोललेलो नाही. आबा म्हणत होते, बोलायचं नसतंच, म्हणून तर पंचा असतो. दुकानापुढे माणसं जमली. त्यातला एक पागोटेवाला म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "आबाचं बरुबर हाय. पंजा दिला म्हंजी दिला." शेठ मला म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही तरी सांगा." मी अकरा मुद्द्यांच्या यादीत तोंड घातलं. शेवटी आबांनीच शेठला मोठ्या मनाने सौद्यातून मोकळं केलं आणि आम्ही निघालो.

भीमेचा पूल आला. मग आबा मागून म्हणाले, "मास्तर, तुमचा शेट वंगाळ न्हाई. पर त्येला हाताचं बोलणं येत न्हाई. अशाकडनं जनावर घिऊ ने."

घरी काकूंनी लाल खुर्चीतूनच विचारलं, "आणलं का?"

"तीन दाती व्हतं," आबा म्हणाले.

"मग बरं केलं न्हाई आणलं," काकू म्हणाल्या, आणि खुर्चीत आणखी ऐसपैस बसल्या.

दोन महिन्यांनी शिक्रापूरहून बातमी आली की हायवेलगतचं एक जुनं वर्कशॉप बंद पडतंय आणि तिथलं एक ड्रिल मशीन विकायचंय. तिथला राखणदार रामसूरत नावाचा बिहारी गृहस्थ होता. भावाचं ठरवायची मुभा मालकाने त्यालाच दिली होती. मशीन पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभं होतं. हिरवट रंग, ओतीव लोखंड, वजन चार माणसांना न ऐकणारं. मालक खोटं बोलतील, पण राखणदार खोटं बोलला नाही.

"चाचा, बता देता हूँ," तो म्हणाला, "ये मशीन लात मारता है. चालू करो तो उछलता है. इसलिए कोई नहीं लेता."

आबा एकदम खूश झाले. "लाथ मारतो म्हंजी जीव हाय अंगात. मग दात तीन असंनात का."

मी या वेळी तयारीने गेलो होतो. मी डगमग मोजायचं घड्याळ बसवलं, मशीन चालू केलं. ते खरंच उसळलं. काटा नुसता नाचत होता. मी यादीवर शेरा मारला, 'घेऊ नये'. आबा तोवर मशीनकडे पाठ करून रामसूरतला मराठीत सासुरवाडीबद्दल विचारत होते आणि तो हिंदीत आपल्या म्हशीबद्दल सांगत होता. दोघंही रंगात आले होते.

पाव तासाने आबा उठले, मशीनच्या मागे गेले, उकिडवे बसले आणि पायापाशी डोकं वाकडं करून बघत राहिले.

"मास्तर, खुरात खडा हाय."

मी गुडघ्यावर बसून बघितलं. मशीनची बैठक आणि ज्यावर ते उभं होतं तो घोडा यांच्यामध्ये, मागच्या डाव्या कोपऱ्यात, एक नट अडकला होता. वरून रंगाचे इतके थर बसले होते की तो मशीनचाच भाग वाटत होता. आम्ही तिघांनी पहारीने मशीन जरा उचललं आणि नट टणकन खाली पडला. पुन्हा चालू केलं. मशीन घुमायला लागलं, पण जागचं हललं नाही. घड्याळाचा काटा स्वस्थ उभा होता. मी खिशातून पेन काढून शेरा खोडला. वीस वर्षं पोरांना मशीन आधी पक्कं बसवा म्हणून ओरडणारा मी, पण मी पुढूनच मोजत राहिलो होतो.

आबा एवढ्यावर थांबले नाहीत. बैल घेताना त्याला भरल्या गाडीला जुंपून बघतात. त्यांनी पिशवीतून बाभळीची एक गाठ काढली. ती त्यांनी घरून आणली होती. बिट गाठीतून सरळ पार झालं. मग पंचा निघाला. मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर सौदा झाला होता आणि दोघं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते. रामसूरतच्या गावाकडे जनावरांचा मेळा भरत असे आणि तिथेही गमछ्याखालीच भाव ठरत. आबा परतताना टेम्पोत सारखे म्हणत होते, "येवढ्या लांबनं आलाय, पर हात किती साफ बोलतो बगा."

मशीन गोठ्यात दोन खुंट्यांपैकी डावीकडच्या खुंट्यापाशी उभं केलं. काकूंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, हळदकुंकू लावलं. मी वायर जोडली, पट्टा सगळ्यात हळू वेगावर घातला. फळी आणली. "आबा, करा सुरू," मी म्हणालो.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "अन् जोड?"

"कसली जोड?"

"एकट्याला कसा जुंपायचा? एकट्या बैलानं नांगराचं तास वाकडं जातं, लहान पोराला बी ठावं हाय. हातातल्या मशिनीनं भोकं वाकडी का गेली? एकली व्हती म्हनून."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते. पुढचे चार महिने आबा त्या मशीनला जोड शोधत हिंडले. त्याच उंचीचं, त्याच हिरवट रंगाचं, तसंच ओतीव. मी आकृत्या काढून समजावलं की ह्याचं काम एकट्याचंच असतं. ते सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "मग दुसऱ्या खुंट्याला काय बांधू?" शिरूरला एक मशीन मिळालं, रंग जुळत होता, पण ते चार बोटं उंच निघालं. "उंच-बुटक्याच्या मानंवर जू बसत न्हाई," म्हणून तेही नाकारलं. मशीन गोठ्यात बंद, फळी भिंतीला टेकलेली, आणि काकू आढ्याच्या कड्यांखाली लाल खुर्चीत. गावातली पोरं आबांना मुद्दाम विचारायची, "आबा, तीन दातीला नवरी मिळाली का?" आबा शांतपणे सांगत, "बघतोय." पण आता ते त्या बंद मशीनच्या मागे जाऊन नुसतेच उभे राहायचे. मला शंका यायला लागली. मला वाटतं, ते भीत होते. फळी एकच होती, आणि काकू घसरत जमिनीवर गेल्या तेव्हाचा आबांचा चेहरा मी बघितला होता.

श्रावणातल्या एका सकाळी मी गोठ्यात आबांशी ह्याच विषयावर हुज्जत घालत होतो. दारातून खरखर आवाज आला. काकू लाल खुर्ची ओढत ओढत येत होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या सरळ आत आल्या, खुर्ची उजवीकडच्या खुंट्यापाशी आदळली आणि म्हणाल्या, "जोड पायजे न्हवं? ही घ्या. आन् फळीचं दुसरं टोक कोण धरनार व्हतं, तुमचा चुलता?"

आम्ही दोघांनी फळीकडे बघितलं. फळी पाच फूट लांब, मशीनचं टेबल जेमतेम वीतभर. एका टोकाला भोक पाडायला गेलो असतो तर दुसरं टोक खाली लोंबलं असतं आणि भोक पुन्हा तिरकं गेलं असतं. माझ्या अकरा मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता. आबांना जोड लागत होती ते खरंच होतं, फक्त ती मशीनची नव्हती.

काकूंनी खुर्चीवर ते परत आलेले सातही पाट रचले. एकेकटे डुगडुगणारे ते पाट एकावर एक बसल्यावर एकाचं डुगडुगणं दुसऱ्याने सांभाळलं. फळीचं टोक त्यावर बरोबर टेबलाच्या उंचीला आलं. काकूंनी वरून दोन्ही तळहात दाबून धरले. आबांनी मशीनचा दांडा धरला. मग सोडला, तळहात पंच्याला पुसला आणि पुन्हा धरला.

"घाबरता व्हय?" काकू म्हणाल्या. "म्या धरलीया."

मशीन सुरू झालं. आबा बैलाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत होते, "हळू रं, हळू, गाठ आली, चल माझ्या राजा, होऽ होऽ." होऽ म्हटलं की दांडा वर. एक भोक, दुसरं भोक. मग फळी फिरवून तिसरं आणि चौथं. मी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला. चारही सरळ. आबांनी मात्र पाव तास फळीकडे बघितलंच नाही. दारात उभे राहून आकाश बघत होते. मग परत आले, फळी उभी करायला लावली, तिच्या मागे गेले आणि भोकाला डोळा लावला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"हिचा डोळा दिसतोय," आबा म्हणाले. पलीकडून काकूंनीही डोळा लावला होता.

झोपाळा टांगला, पण काकू लगेच बसल्या नाहीत. त्या भागात पोळा भादव्यात असतो, त्या पोळ्याला बसेन म्हणाल्या. बैलांनी पन्नास वर्षं त्यांचा झोपाळा खाल्ला होता, तेव्हा बैलांच्याच सणाला बसायचं असा त्यांचा हिशेब असावा. तेवढ्यात बायकोची बदली झाली. आमचं सामान पोळ्याच्याच दिवशी निघालं.

मी निरोप घ्यायला आधी गोठ्यात गेलो आणि दारातच थांबलो. आबांनी मशीनला बाशिंग बांधलं होतं, पाठीवर राजाची जुनी झूल घातली होती, चकला गोंडा लावला होता आणि दांड्याला शिंगांना लावतात तसा लाल हिंगूळ फासला होता. शेजारच्या खुंट्याला लाल खुर्ची दाव्याने बांधली होती. तिच्याही पाठीवर झूल, हातांना घुंगरं. दोघांच्याही पुढे पुरणपोळीचा नैवेद्य. आळीतली पोरं पोट धरून हसत होती आणि आबा त्यांच्यावर खेकसत होते, "हसू नगा, जोड हाय ती."

मग ओसरीवर गेलो. आबांनी झोपाळ्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून एक झोका दिला. थेंब सांडला नाही. काकूंनी तांब्या उचलून बाजूला ठेवला, पदर सावरला आणि बसल्या. झोपाळा कलला नाही. काकू फळीवरून हात फिरवत राहिल्या. आबा खांबाला टेकून दुसरीकडे बघत उभे होते. पाव तास संपायचा होता.

"बसा की," काकू म्हणाल्या. "पन्नास वरसांनी झोपाळा दिला तो बी एकटीला? जोड नगं?"

आबा पंचा सावरत, लाजत, अगदी कडेला टेकले. मी दोघांच्या पाया पडलो. आबांनी आशीर्वाद द्यायच्या ऐवजी मला सांगितलं, "मास्तर, टेम्पो मागनं बघून घ्या."

टेम्पो मागून बघितला. ठीक होता. बसायच्या आधी मी कुंपणाच्या वळणावर थांबलो. तिथून त्यांची ओसरी पाठीमागून दिसते. झोपाळा सावकाश पुढेमागे होत होता. आबांचा पंचा दोघांच्या मध्ये पडला होता आणि त्याच्याखाली दोघांचे हात होते. काय ठरत होतं ते मला कळलं नाही, आणि तसं कळायचंही नसतं. मी मागून नीट बघून घेतलं. खोड एकही नव्हती.